लाल रेघांचा उन्हाळा

समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ह्या वर्षीही कुणीतरी जुनी साडी अंथरली. चार कोपऱ्यांना चार दगड, कावळ्यांना भिववायला काठीला काळं फडकं. झालं, वाळवणं सुरू झाली. मला कॅलेंडर बघावं लागत नाही. आमच्या बिबवेवाडीत एप्रिलच्या दुपारी जिन्यात आंबलेल्या गव्हाचा वास उतरायला लागला की ओळखायचं. नाक मुरडावं असाच वास आहे तो. आवडतो म्हणणारं एकच माणूस मी पाहिलं, ते म्हणजे ही. ही म्हणजे माझी बायको. उभ्या जन्मात तिचं नाव घेतलं नाही, आता घेतलं म्हणून काय ती ओ देणार आहे?

मी सातवी शिकलेला माणूस. सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहून झाली. लिहिण्याचा संबंध सहीपुरता. तेव्हा ह्यात कुणी अलंकार वगैरे शोधू नयेत, सापडणार नाहीत. मला फक्त गेल्या वर्षीचा उन्हाळा सांगायचा आहे. त्याच्यानंतरच्या थंडीत ही गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं, तिच्या सगळ्याच कामांसारखं.

गेल्या उन्हाळ्यात आमची सून पल्लवी घरूनच काम करायची. कंपनी हडपसरला, पण बोलावणं क्वचित. मुलगा संदीप सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा तो दिवेलागणीला परत. घरात आम्ही तिघं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पल्लवीचा लॅपटॉप, आणि टेबलाच्या पायाशी जमिनीवर ही, पोळपाट घेऊन. वरून बटणांची टकटक, खालून लाटण्याची गरगर. मी आपला पलीकडे दिवाणावर पेपर वाचत, म्हणजे डोळ्यावर घेऊन. कूलरचा गार ओला वारा, त्यात हिंगाचा आणि पापडखाराचा वास. गच्चीवर ठेवलेल्या मोगऱ्याच्या कुंडीतली चार फुलं हिच्या अंबाड्यात. दुपारच्या त्या दोन आवाजांवर मला अशी झोप लागायची की काय सांगू. आता कूलर तोच आहे. झोप नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही. माझे वडील माझ्या बायकोशी कधी बोलले नाहीत, आईमार्फत सगळं. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, पण ती पद्धत माझ्याबरोबर आली आणि राहिली. पल्लवी दोन हातांवर बसलेली असायची आणि मी हिला म्हणायचो, ‘अगं, तिला विचार, चहा घेणार का.’ ही पल्लवीला विचारायची. पल्लवी म्हणायची, ‘आई, बाबांना सांगा, अर्धा कप.’ मग ही माझ्याकडे वळून, ‘अर्धा कप म्हणतीये.’ सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असायचं. तरी ते हिच्या तोंडून फिरून आलं की पक्कं व्हायचं. हिला त्याचा कंटाळा कधी दिसला नाही. उलट जाता-येता आपल्या पदरचं थोडं घालायची. मी म्हणायचो, ‘पंखा बारीक कर म्हणावं,’ तर ही तिला सांगायची, ‘पोरी, दमली असशील, पंखा बारीक करून जरा पड.’ माझ्या नावावर किती माया खपवली तिनं, मला पत्ता नाही.

तर त्या लाल रेघा.

पल्लवीच्या पडद्यावर काळ्यावर बारीक अक्षरं असायची, आणि त्यांच्याखाली नागमोडी लाल रेघा. एखाद-दुसरी नव्हे, पान भरून. ही खाली बसून मान वर करून बघायची. शाळेत ही चौथीपर्यंत गेलेली. तिला लाल शाई एकच माहीत, मास्तरांची. तिनं मनाशी ठरवलं की पोरगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लिहिते आणि कुणीतरी तिकडे बसून सगळं चूक, सगळं चूक अशा रेघा मारतं. परीक्षांचेच दिवस होते, शेजारची पोरं पुस्तकं घेऊन जिन्यात बसलेली, त्यामुळे हिची खातरीच झाली. मला म्हणाली, ‘अहो, पल्लवी नापास होतीये.’ मी म्हटलं, नोकरीत नापास करत नाहीत, काढून टाकतात. माझ्या बोलण्यानं तिचं समाधान झालं असं दिसलं नाही.

त्या दिवसापासून पल्लवीला रोज काहीतरी गोड. शिरा काय, गुळपापडी काय. कुरडयांचा चीक शिजला की पहिली वाटी तिला, गरम, वर तूप सोडून. ती बिचारी म्हणायची, ‘आई, वजन वाढतंय माझं.’ ही म्हणायची, ‘वाढू दे. डोक्याला ताण आहे तुझ्या.’

आणि एक दिवस पल्लवी लॅपटॉपवर तिच्या साहेबाशी बोलत होती, साहेबाचं तोंड पडद्यावर दिसत होतं. ही पिठाच्या हातानं उठली, पल्लवीच्या खांद्यावरून वाकली आणि सरळ त्याला म्हणाली, ‘साहेब, पोरगी दिवसभर खपते हो. एवढं लाल करत जाऊ नका.’

मी दिवाणावर उठून बसलो. पल्लवीनं डोळे मिटून घेतले. साहेब पुण्याचाच, मराठी. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाला, ‘काकू, लाल मी करत नाही. ते लाल घालवायलाच पल्लवी आहे.’

त्या दुपारी पल्लवी हिच्याजवळ खाली बसली आणि तिनं काम समजावून सांगितलं. हिला सांगत होती, पण मी दिवाणावर आहे हे धरून, जरा मोठ्यानं. त्यांच्या कंपनीत पुष्कळ लोक कोड लिहितात. लिहितात ती एक जागा, तिला एडिटर म्हणतात. आणि लिहिलेलं सगळं गोळा करून, जुळवून, चालण्यासारखं करणारं दुसरंच एक यंत्र, त्याचं नाव बिल्ड. बिल्ड काही फाईली स्वतःच तयार करतो. त्या कुठे ठेवल्यात ते त्यालाच माहीत. एडिटरला त्या दिसत नाहीत, म्हणून तो लाल रेघ मारतो, असं काही नाहीच म्हणतो. असतं तर सगळं. लिहिणाऱ्याचं चुकलेलं नसतं. बिल्ड म्हणतो बरोबर, एडिटर म्हणतो चूक, आणि मधे माणसांचा जीव जातो.

‘मग तो बिल्डला विचारत का नाही?’ हिनं विचारलं.

‘विचारायचं कसं ते त्याला येत नाही, आई. दोघांची भाषा वेगळी. आणि एडिटरसुद्धा एक नाही, प्रत्येकाचा लाडका निराळा, बदलायला कुणी तयार नाही. म्हणून मधे एक ठेवायचा. तो बिल्डला विचारणार आणि ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगणार. तोच मी लिहितीये.’

ही पापड लाटायची थांबली. माझ्याकडे बघितलं. मग पल्लवीला म्हणाली, ‘म्हणजे माझं काम.’

पल्लवी इतकी हसली की ठसका लागला. मी पेपर वर धरला. पण हसलो मीही, पेपराआड.

त्यानंतर हिला त्या कामात गोडी लागली. ‘आज बोलले का ते दोघं?’ असं रोज विचारायची, भांडलेल्या जावांची चौकशी करावी तसं. पल्लवीही सांगायची. एकदा म्हणाली, आज निराळीच भानगड. बिल्डमधनं एक फाईल काढून टाकली, पण एडिटर अजून ती आहे म्हणून दाखवतोय. त्यानं स्वतःजवळ यादी करून ठेवलेली असते, ती जुनी झाली तरी त्याला कळत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

ही म्हणाली, ‘म्हणजे मेलेल्याला हाक मारतोय म्हण.’

तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. हिचं बोलणंच तसं, धसमुसळं.

रोज सकाळी मी उठतो आणि अजून म्हणतो, ‘अगं, पाणी आलं का?’ मला सांगितलेलं नाही असं नाही. वैकुंठ स्मशानभूमीत मीच उभा होतो. पण तोंड जुन्या यादीवर चालतं. त्याला कितीही सांगा.

रेघा गेल्या तो दिवस कुरडयांचा होता. चीक घोटायचं काम एकट्याचं नाही. उकळत्या पाण्यात एकानं चीक ओतायचा, दुसऱ्यानं दांड्यानं घोटत राहायचं, जराही थांबायचं नाही, नाहीतर गुठळ्या. ओतणारी ही, घोटणारा मी, कारखान्याचे हात कामाला. हिचं तोंड सतत चालू, ‘जोरात. खालून घ्या. अहो, खालून.’ मग गच्चीवर सोऱ्यानं कुरडया घालायच्या, ऊन पाठीवर, हात कोपरापर्यंत चिकट. तेवढ्यात खालून पल्लवीची हाक, ‘आई, लवकर या.’ ही तशीच चिकाच्या हातांनी खाली पळाली. तिच्यामागे मी. पल्लवीनं एक बटण दाबलं. थोडा वेळ काही नाही. मग पडद्यावरच्या रेघा जायला लागल्या. वरून खाली, एकेक, ओल्या फरशीवरचं पाणी वाळत जावं तशा. शेवटी नुसती अक्षरं राहिली, स्वच्छ.

हिच्या डोळ्यांत पाणी. मी तिथंच, दारात, सगळं बघितलेलं. तरी ही माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘अहो, लाल गेलं.’

मी म्हटलं, ‘बरं झालं. तिला सांग, शाबास म्हणावं.’

हिनं सांगितलं. माझ्या एका शाबासकीच्या तिथं चार तरी झाल्या असतील.

आता ह्या घरात दूध दोनदा तापतं, नाहीतर एकदाही तापत नाही आणि नासतं. मी बंद केलेला गीझर पल्लवी बंद करायला जाते, म्हणजे चालू करते. भाजी दोघं आणतो, दोघंही दुधीच. आणि मोगरा मेला. मी सकाळी गच्चीवर जाऊन त्याला पाणी घालायचो, हिचा म्हणून. पल्लवी संध्याकाळी घालायची, तीही हिचा म्हणूनच. दोघांनी मिळून मुळं कुजवली. पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी आणखी घातलं. तिनंही तेच केलं असणार. कुणी कुणाला विचारलं नाही. माणसं वाईट नाहीत हो ह्या घरातली. मधलं कुणी नाही.

पल्लवी बोलायची तशी. ‘बाबा, जेवायला वाढलंय.’ ‘बाबा, गोळी घेतलीत?’ मी म्हणायचो, ‘हं.’ माझ्याकडून ह्याच्यापुढे गाडी जात नव्हती.

मार्चअखेरीस कंपनीनं कळवलं की आता रोज हडपसरला यायचं. इथून रोज जाऊन-येऊन पल्लवीचा पिट्टा पडायला लागला. एका रात्री जेवताना संदीप म्हणाला, तिकडे भाड्यानं फ्लॅट बघितलाय, कंपनीच्या जवळ, महिन्याभरात जाऊ. ‘तुम्हीपण चला, बाबा.’

मी म्हटलं, ‘बघू.’ आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे संदीपला लहानपणापासून ठाऊक. त्यानं भाजी वाढून घेतली. पल्लवी ताटाकडे बघत राहिली. ते बघणं म्हातारा येऊ नये म्हणून होतं की यावा म्हणून, मला कळेना. संदीप मुलगा आहे, तो चला म्हणणारच. घर तिचं. तिला दिवसभर मी समोर हवा आहे का, हा प्रश्न. पूर्वी हे कोडं माझ्याकडे आलंच नसतं. हिला नुसतं ‘काय गं’ म्हटलं असतं, आणि सकाळच्या चहाबरोबर उत्तर आलं असतं. आता हे घर सोडायचं, हिच्या हाताची ही खिडकी, ही गच्ची सोडायची, की मुलगा-सून सोडायची, हे मी एकटा ठरवत बसलो. आणि ज्या एका गोष्टीवर ते ठरायचं, ती विचारायची सोय नाही.

मग मी गहू आणले.

का आणले ते विचारू नका. ह्या गच्चीवर ह्या वर्षी साडी पडावी एवढंच डोक्यात होतं, मग पुढे काय व्हायचं ते होवो. गहू निवडले, पातेल्यात भिजत घातले, मोरीत झाकून ठेवले. पाणी रोज एकदा बदलायचं असतं. मी सकाळी बदलत होतो. तरी गहू आंबायचं नाव घेईनात, वासच येईना. पल्लवी काही म्हणाली नाही. मीही नाही. रविवारी मी गहू वाटून घेतले, फडक्यातून चीक गाळला, निवळत ठेवला. सोमवारी संदीप कामावर गेला, पल्लवीचं ऑफिस. पण बघतो तर ती लॅपटॉपची बॅग न घेता, ओढणी कमरेला खोचून स्वयंपाकघरात उभी. रजा काढली होती. कुणाला न सांगता.

मी पाणी उकळायला ठेवलं, मीठ घातलं, हिंग घातला आणि साडी अंथरायला वर गेलो. हिची जुनी हिरवी साडी. कोपऱ्यांना दगड ठेवून जरा वेळ तिथंच बसलो. खाली आलो तर पाणी खळखळतंय आणि पल्लवी चिकाचं पातेलं उचलून तयार.

मी दांडा घेतला. ती माझ्याकडे बघत होती. ओतणाऱ्याला घोटणाऱ्याशी बोलावंच लागतं, त्याला इलाज नाही. मी शेजारी बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

‘सोड,’ मी म्हटलं.

तिनं धार सोडली.

‘हळू. अजून हळू. थांब. आता सोड.’

‘खालून घ्या, बाबा,’ ती म्हणाली. ‘आई म्हणायच्या, खालून.’

घोटत राहिलो. चीक पालटला, पांढऱ्याचा काचेसारखा झाला. घामानं डोळे चुरचुरले, घामच होता असं धरून चाला. तिनं वाटीत थोडा काढला, तूप सोडलं, एक घास घेतला आणि तोंड कसनुसं केलं. मी घेतला. समुद्र.

‘तुम्ही मीठ घातलं होतं?’

‘तू घातलंस?’

‘तुम्ही विसरला असाल म्हणून घातलं.’ मग म्हणाली, ‘आणि गव्हाचं पाणी तुम्ही पण बदलत होतात का? मी ऑफिसमधून आले की बदलायचे.’

म्हणून आंबेनात. दोघांनी मिळून त्या गव्हाला धड कुजूही दिलं नाही. मोगऱ्याला कुजवलं, गव्हाला कुजू दिलं नाही. मला हसू आलं. ती ओट्याला टेकून हसत होती, मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. ओढणीनं तोंड पुसून म्हणाली, ‘विचारायचं ना, बाबा.’

दांडा माझ्या हातात होता. मी त्याच्याकडेच बघत म्हटलं, ‘अगं, तिला विचार...’ आणि थांबलो. स्वयंपाकघरात ते शब्द तसेच लोंबकळत राहिले.

पल्लवीनं वाटी खाली ठेवली. ‘विचारा,’ ती म्हणाली.

‘हडपसरला मी यावं असं तुला वाटतं का? संदीपला नाही. तुला.’

तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, ‘वरच्या मजल्याचा घेतलाय तो फ्लॅट. लिफ्ट सारखी बंद पडते तिथं, संदीप नको म्हणत होता. पण गच्ची आहे. मी म्हटलं, वाळवणं कुठं घालणार बाबा.’ पातेल्याकडे बघत हळूच म्हणाली, ‘त्यानं सांगितलं नाही तुम्हाला?’

नव्हतं सांगितलं. संदीप माझ्यावर गेलाय.

खारट तर खारट. चीक टाकवला नाही. दोघं गच्चीवर गेलो. ती सोऱ्या फिरवायची, मी हिरव्या साडीवर जागा दाखवायचो, इथं, आता इथं. ऊन तेच, पाठीवर तसंच. कडेला मोगऱ्याची कुंडी, नुसत्या काड्या. ती म्हणाली, नवीन लावू तिकडे. मी म्हटलं, लावू, पण पाणी कोण घालणार ते आधी ठरव. तिकडे गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत असतं, तेही विचारलं. संध्याकाळपर्यंत असतं म्हणाली.

हात धुवायला खाली आलो. बोटांना चीक लागलेला, मोरीकडे जायचं तर मी आतल्या खोलीकडे वळलो. सवय. पलंगावर हिची जागा, घडी घातलेली चादर, खिडकीतून उन्हाचा एक पट्टा. दारातच उभा राहून म्हटलं, ‘अगं, लाल गेलं.’

आतून काही आलं नाही. स्वयंपाकघरातून आलं, ‘काय म्हणालात, बाबा?’

‘तुला नाही. हिला सांगतोय.’

भांड्यांचा आवाज थांबला. मग म्हणाली, ‘सांगा. मीठ जास्त झालं तेही सांगा.’